फोर्ड मॉडेल टी रनअबाउट : इतिहास आणि पुनरुज्जीवन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजात १९२३ सालची फोर्ड मॉडेल टी रनअबाउट उभी आहे. ती खोक्यांत भरून आली होती आणि आता स्वतःच्या चाकांवर फिरते. गणेशोत्सवात मंडळाच्या दारात ती लावली की तेच तेच प्रश्न येतात. भारतातल्या गाडीवेड्या मंडळींचेही निरोप येत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रनअबाउट म्हणजे काय? रोडस्टर वेगळी असते का?

मॉडेल टीच्या बाबतीत गाडी एकच. दोन माणसांची एक बैठक, वर कापडी टप, बाजूंना काचा नाहीत. फोर्डच्या किमतीच्या पत्रकात तिला रनअबाउट म्हणत, लोकांच्या तोंडी रोडस्टर. पाच जणांच्या उघड्या गाडीला टूरिंग म्हणत. अगदी सुरुवातीच्या काही रनअबाउटना मागे एकट्या माणसासाठी छोटी बैठक असे. तिला अमेरिकेत 'मदर-इन-लॉ सीट' म्हणजे सासूबाईंची बैठक म्हणत. पुढे त्या जागी सामानाची झाकणाची पेटी आली. कासवाच्या पाठीसारखा आकार म्हणून तिचं नाव टर्टल डेक. १९२५ मध्ये पेटीऐवजी उघडा हौदा बसवलेली रनअबाउट कारखान्यातूनच २८१ डॉलरला मिळू लागली. फोर्डच्या पिकअपची सुरुवात ती.

२. मॉडेल टी आधीची की मॉडेल ए?

इथे गोंधळ होणं साहजिक आहे, कारण मॉडेल ए दोन झाल्या. पहिली १९०३ ची, कंपनीची पहिलीच गाडी. मॉडेल टी १९०८ ते १९२७. टी बंद झाल्यावर नव्याने 'ए'पासून सुरुवात केली, ती दुसरी मॉडेल ए. चित्रांत दिसते ती बहुतेक वेळा हीच. ओळखायला सोपी खूण म्हणजे दुसऱ्या एला आजच्यासारखा गिअरचा दांडा आणि चारही चाकांना ब्रेक आहेत. टीला यातलं काहीच नाही.

३. एवढ्या साध्या गाडीचं एवढं कौतुक का?

साधेपणामुळेच. २.९ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद २० अश्वशक्ती, वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटर. त्या काळी मोठी इंजिनं सहसा सुट्या तुकड्यांची असत. टीचे चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात होते आणि त्यांच्यावरचं झाकण म्हणजे हेड सुटं काढता येत असे, म्हणजे शेतकऱ्याला आपल्या कोठारात बसून वाल्व्ह घासता येत. ताण येणाऱ्या भागांसाठी व्हॅनेडियम पोलाद वापरलं होतं. ते हलकं आणि चिवट, त्यामुळे खड्ड्यांत सांगाडा पिळवटला तरी तुटत नसे.

पहिल्या गाड्या डेट्रॉइटच्या पिकेट अव्हेन्यूवरच्या तीन मजली विटांच्या इमारतीत जुळवल्या. १९१० मध्ये कारखाना हायलँड पार्कला गेला. १९१३ मध्ये तिथे सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि साडेबारा तासांचं काम काही महिन्यांत ९३ मिनिटांवर आलं. सुरुवातीला रनअबाउट ८२५ डॉलरला होती, त्यातही टप, समोरची काच आणि दिवे यांचे पैसे वेगळे. १९२५ मध्ये ती २६० डॉलरला मिळत होती. शेवटी एकूण दीड कोटीहून जास्त मॉडेल टी बनल्या.

४. सगळ्या मॉडेल टी काळ्याच होत्या ना?

नाही. सुरुवातीच्या वर्षांत लाल, करडा, हिरवा, गडद निळा असे रंग होते आणि काळा जवळपास नव्हताच. फक्त काळ्याचा काळ १९१४ ते १९२५ चा. काळा स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि एकच रंग असला की पट्ट्यावर अडत नसे. १९२६ च्या सुधारित गाड्यांबरोबर लवकर वाळणारी नवी लॅकर आली आणि रंग परत आले.

पुनरुज्जीवन करणाऱ्याने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो काळा रंगही एकच नव्हता. मडगार्डसारखे भाग डांबरी वार्निशात बुडवून भट्टीत भाजत, बॉडीवरचा काळा वेगळा असे. त्यामुळे संपूर्ण गाडीवर आजचा आरशासारखा चकचकीत काळा मारला की जाणत्या माणसाला ते लांबूनच खटकतं.

५. मॉडेल टीने अमेरिका ओलांडायची शर्यत जिंकली होती, हे खरं का?

जिंकली आणि मग गमावली. १ जून १९०९ ला न्यूयॉर्कहून सिॲटलची शर्यत सुरू झाली. सिॲटलला तेव्हा अलास्का-युकॉन-पॅसिफिक प्रदर्शन भरलं होतं. फोर्डने दोन गाड्या उतरवल्या, बॉडीचं बहुतेक सामान काढून हलक्या केलेल्या. बर्ट स्कॉट आणि सी. जे. स्मिथ यांची दोन नंबरची गाडी २२ दिवस ५५ मिनिटांत पोचली. पश्चिमेला रस्ते नव्हतेच, चिखल आणि बर्फ होतं. जड, महाग गाड्या रुतत होत्या आणि ही हलकी गाडी दोन माणसं उचलून बाहेर काढत. फोर्डने या विजयाची मोठी जाहिरात केली. काही महिन्यांनी वाटेत इंजिन बदलल्याचं सिद्ध झालं आणि विजय शॉमट नावाच्या गाडीला दिला गेला. जुन्या जाहिराती पाहून आजही अर्धीच गोष्ट सांगितली जाते. गाडी आवडते म्हणून उरलेली अर्धी झाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

६. ही चालवायची कशी? तीन पेडल म्हणजे क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरच ना?

तीन पेडल आहेत, पण आपल्या ओळखीचं त्यात उजवीकडचं एकच, आणि तेही ब्रेक. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, सोडलं की दुसरा म्हणजे वेगाचा गिअर. मधलं रिव्हर्स. ॲक्सिलरेटर पायात नाही. तो स्टिअरिंगखाली उजवीकडचा छोटा दांडा, आणि डावीकडचा दांडा ठिणगी लवकर की उशिरा पडावी हे ठरवण्यासाठी. बाजूचा उभा हातदांडा मागे ओढला की मागच्या चाकांचे ब्रेक लागतात आणि न्यूट्रल होतो.

रोजच्या गाडीची सवय पायात भिनलेली असते, म्हणून धोका असतो. गाडी थांबवायची म्हणून अनवधानाने डावं पेडल खाली दाबाल, तर ती न्यूट्रल होण्याऐवजी पहिल्या गिअरात जोर लावेल. मोकळ्या मैदानात दोन तास घालवल्याशिवाय रस्त्यावर आणू नका. अगदी पहिल्या काहीशे गाड्यांना दोन पेडल आणि दोन हातदांडे होते. तशी गाडी हाताशी आली तर वरचं सगळं बाजूला ठेवा.

७. हँडल मारताना हात मोडतो म्हणतात. खरंच?

मोडतो, आणि कारण बहुधा एकच असतं. ठिणगीचा दांडा वर, म्हणजे 'उशिरा'कडे न नेता हँडल मारलेलं असतं. ठिणगी लवकर पडली की पिस्टन उलटा फेकला जातो आणि हँडल हातात उलटं फिरतं. दांडा पूर्ण वर आहे की नाही हे दोनदा पाहा. डाव्या हाताने हँडल खालून वर ओढा आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. मुठीत गुंडाळू नका. वरून खाली दाबून कधीही मारू नका.

थंडीत आणखी एक गोष्ट होते. क्लचच्या चकत्यांमध्ये तेल घट्ट होऊन त्या चिकटतात आणि इंजिन सुरू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्या अंगावर सरकते. इथल्या जानेवारीत आम्ही एक मागचं चाक जॅकवर उचलतो आणि बाकीच्या चाकांना उटी लावतो.

८. चढावर उलटी न्यावी लागते ही दंतकथा का?

दंतकथा नाही. १९२५ पर्यंतच्या रनअबाउटची पेट्रोलची टाकी बैठकीखाली असते आणि पंप नसतो. पेट्रोल नुसत्या उताराने कार्ब्युरेटरला पोचतं. टाकी कमी भरलेली आणि चढ मोठा असला की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जातो आणि इंजिन बंद पडतं. गाडी उलटी केली की टाकी वर येते. शिवाय रिव्हर्सची ओढ पहिल्या गिअरपेक्षाही जास्त. टाकी भरलेली असेल तर सहसा ही वेळ येत नाही. १९२६-२७ च्या रनअबाउटमध्ये टाकी समोरच्या काचेच्या पुढे, उंचावर गेली आणि प्रश्न मिटला.

९. गाडीचं साल नेमकं कसं ओळखायचं?

इंजिनच्या डाव्या अंगाला, पाणी आत जातं त्या तोंडाच्या वर नंबर ठोकलेला असतो. तोच गाडीचा नंबर आणि त्यावरून साल निघतं. पण ते साल इंजिनचं असतं, गाडीचं असेलच असं नाही. इंजिनं सर्रास बदलली जात. गाडी १९२७ मध्ये बंद झाल्यावरही फोर्ड १९४१ पर्यंत टीची इंजिनं बनवत होतं. सांगाड्यावर नंबर ठोकायला सुरुवात झाली ती शेवटी शेवटी.

म्हणून खुणा जुळवून पाहाव्या लागतात. पितळी रेडिएटर १९१६ पर्यंत. कार्बाइडचे दिवे १९१४ पर्यंत, नंतर विजेचे. उघड्या गाडीची समोरची काच तिरकी असेल तर १९२३ किंवा पुढची. या खुणा एकमेकींशी भांडू लागल्या की समजा, गाडी दोन-तीन गाड्यांची मिळून झाली आहे. त्यात लाज काही नाही, फक्त विकताना तसं सांगावं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कागदपत्रांवर इंजिनचाच नंबर असतो, त्यामुळे इंजिन बदलण्याआधी कागद तपासा.

१०. डावीकडचं दार उघडत नाही. गंजलंय का?

नाही. ते दारच नाही, पत्र्यावर दाराचा आकार उठवलेला आहे. १९१३ ते १९२५ च्या अमेरिकी बनावटीच्या रनअबाउटला चालकाच्या बाजूने दार नव्हतं. उजवीकडून चढायचं आणि सरकायचं. एका गृहस्थांनी ते कापून बिजागऱ्या लावायचं ठरवलं होतं, त्यांचा निरोप वेळेवर आला म्हणून बरं झालं. कॅनडाच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, ती प्रश्न १७ मध्ये.

११. खोक्यांत भरलेली गाडी मिळाली आहे. सुरुवात कुठून करू?

खोलण्यापासून नको, फोटो काढण्यापासून करा. मग सगळे भाग जमिनीवर गाडीच्या आकारात मांडा. काय आहे, काय नाही, काय दोनदा आलं आहे ते तासाभरात दिसतं. टीचे सुटे भाग आजही नवे बनतात, त्यामुळे जवळजवळ काहीही मिळतं. खरी अडचण उलट आहे. सगळं मिळतं म्हणून जुनं फेकायचा मोह होतो. जो भाग घासून, सरळ करून चालेल तो ठेवाच. मला नवीन टपाच्या कमानी मिळत होत्या, तरी जुन्या वाकलेल्या कमानी सरळ करण्यात एक हिवाळा गेला. बाहेरून कुणाला फरक कळत नाही, पण मला तो माहीत आहे.

क्रम माझ्या मते असा : आधी सांगाडा आणि पाटे, मग मागचा आस (प्रश्न १५), मग इंजिन, मग चाकं, सर्वांत शेवटी बॉडी आणि रंग. रंग आधी केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं झाकून पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

१२. इंजिन फिरतंय. मग खोलायची गरज आहे का?

फिरतंय म्हणजे चालेल असं नाही. टीमध्ये आजच्यासारखी तयार बेअरिंग नाहीत. बॅबिट नावाचा मऊ पांढरा धातू वितळवून जागेवर ओततात आणि क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मापाने कातून घेतात. जुनं बॅबिट तडकतं, भुगा होतं. तळाचं झाकण काढून आत चंदेरी कपच्या दिसल्या तर इंजिन सुरू करू नका. बॅबिट ओतणारे कारागीर मोजके आहेत आणि ते आधीच्या कामांत बुडालेले असतात, म्हणून त्यांच्याकडे नंबर लवकर लावा.

क्रँकशाफ्ट बारीक आहे आणि जुनी झाली की तुटते. डोळ्यांना न दिसणारी चीर चुंबकीय तपासणीत सापडते. तो खर्च वाचवू नका.

तेलाचा पंप नाही. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागचं जड चाक तेल उडवतं, त्यातलं थोडं एका नळीने पुढे जातं, बाकी सगळं शिंतोड्यांवर. लांब चढावर पुढच्या सिलिंडरला तेल कमी पडतं, म्हणून बरेच जण बाहेरून एक जास्तीची तेलनळी लावतात. ही सुधारणा मी स्वतः केली आहे आणि तिचं समर्थन करतो. तेल मोजायची पट्टीही नाही. खाली मागे दोन छोटे नळ आहेत. वरच्यातून तेल येत नाही, खालच्यातून येतं, म्हणजे पातळी त्या दोघांच्या मध्ये. खालचा कोरडा असेल तर गाडी हलवू नका.

१३. बॅटरीशिवाय ही गाडी चालते कशी? त्या लाकडी पेट्या कसल्या?

फ्लायव्हीलवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे १६ चुंबक असतात, ते १६ वेटोळ्यांसमोर फिरतात आणि वीज तयार होते. यालाच मॅग्नेटो म्हणतात. ती चार लाकडी पेट्यांत जाते, प्रत्येक सिलिंडरला एक. पेटीवरची पट्टी मधमाशीसारखी गुणगुणते आणि ठिणग्यांची सर पडते. हा आवाज ज्याने ऐकला तो विसरत नाही.

शंभर वर्षांनी पेटीतला कागदी कपॅसिटर हमखास मेलेला असतो. ठिणगी दिसते, पण इंजिन भारावर अडखळतं. पेटी खोलून डांबर काढून कपॅसिटर बदलावा लागतो आणि मग चारही पेट्या हाताने फिरवायच्या खास यंत्रावर सारख्या लावाव्या लागतात. नुसत्या कानाने लावलेल्या पेट्यांवर गाडी चालते, पण पळत नाही.

चुंबक आणि वेटोळी यांच्यातलं अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी. क्रँकशाफ्ट मागेपुढे सरकू लागली तर चुंबक वेटोळ्यांना घासतात, म्हणजे बॅबिट बिघडलं की वीजही बिघडते. आणि एक कडक सूचना : मॅग्नेटोच्या टोकाला बॅटरीची तार चुकूनही लावू नका. चुंबक उतरतात आणि पुन्हा भारण्याचं काम मोठं आहे.

१४. चाकाच्या लाकडी आऱ्या कुरकुरतात. पाण्यात भिजवल्या तर घट्ट होतील ना?

बैलगाडीच्या चाकाचा अनुभव असलेल्या घरांतून हा प्रश्न नेहमी येतो. दोन दिवस घट्ट होतील, वाळल्या की आधीपेक्षा सैल. आणि पाणी आत राहून लाकूड कुजेल. आऱ्या हिकरी लाकडाच्या आहेत, प्रत्येक चाकाला १२. कुरकुर म्हणजे बदलायची वेळ आली. वळणावर आरी निखळली तर चाक कोसळतं.

टायर जुन्या पद्धतीचे, कडेच्या आकड्यात अडकणारे. ते फक्त हवेच्या दाबावर रिममध्ये राहतात, म्हणून ६० पौंडांच्या आसपास हवा ठेवावी लागते. 'मऊ चालावी' म्हणून हवा कमी केली तर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो.

१५. ब्रेक चांगले आहेत, पाय दाबला की थांबते. तरी सगळे मागचा आस उघडायला का सांगतात?

कारण पायाचा ब्रेक चाकांवर नाही. तो गिअरबॉक्समधल्या ढोलावर पट्टा आवळतो आणि थांबवण्याचा जोर मागे जाणारा फिरता दांडा आणि मागच्या गिअरमधून चाकांपर्यंत जातो. त्या साखळीत कुठेही तुटलं की ब्रेक गेला. मागच्या गिअरपेटीत बाजूचा जोर घेणाऱ्या चकत्या मूळच्या बॅबिटच्या असतात आणि आज त्या चिरडलेल्याच निघतात. त्या सुटल्या की दात एकमेकांपासून दूर जातात आणि उतारावर तुम्ही गाडीत नुसते बसलेले असता. काशाच्या चकत्या बसवा. मूळपणाचा आग्रह मी इथे अजिबात धरत नाही.

हातदांड्याने लागणारे चाकांचे ब्रेक उभ्या गाडीसाठी आहेत, त्यांवर भरवसा ठेवू नका. मागच्या चाकांवर बाहेरून पट्ट्याचे जास्तीचे ब्रेक मिळतात, ते घ्या. मधे जास्तीची गिअरपेटी किंवा दोन वेगांचा रक्सटेल आस बसवला असेल तर हे सक्तीचंच समजा. गिअर बदलताना तो मध्येच न्यूट्रलमध्ये राहिला, तर पायाचा ब्रेक चाकांपासून तुटलेला असतो.

१६. १२ व्होल्टची बॅटरी, पाण्याचा पंप, डिस्ट्रिब्युटर लावू का?

तिन्हींची गरज बहुधा दुसऱ्याच बिघाडातून निर्माण झालेली असते. स्टार्टर (१९१९ पासून, उघड्या गाड्यांना जादा पैसे देऊन) ६ व्होल्टवर हळू फिरतो तो जाड तारा आणि स्वच्छ जोड नसल्यामुळे. १२ व्होल्टचा झटका त्याच्या दात्यांना सोसत नाही. गाडी तापते ती रेडिएटरच्या पातळ पट्ट्या नळ्यांपासून सुटल्यामुळे. पाणी पंपाविना, गरम वर आणि थंड खाली असं आपोआप फिरतं आणि चांगल्या रेडिएटरला ते पुरतं. अपवाद पहिल्या २,५०० गाड्यांचा, त्यांना कारखान्यातूनच पंप होता. डिस्ट्रिब्युटर म्हणजे लाकडी पेट्यांऐवजी सगळ्या सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग. तो लावायचा का, हे पेट्यांबद्दलचा प्रश्न १३ वाचून ठरवा.

१७. भारतात जुन्या वाड्यात उजव्या स्टिअरिंगची टी सापडली आहे. ती नंतर बदललेली आहे का?

बहुधा नाही. ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या देशांना गाड्या पाठवायचा हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता. तिचा कारखाना डेट्रॉइटसमोर, नदीपलीकडे वॉकरव्हिलला. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तिथून निघत. इंजिन नंबराआधी 'सी' अक्षर, दोन्ही बाजूंना उघडणारी दारं आणि बॉडीत चौकोनी खाचेचे स्क्रू या खुणा पाहा. हे स्क्रू कॅनडाच्या पी. एल. रॉबर्टसन यांचे. कारागिराला ते विचित्र वाटून तो फेकून देतो आणि नेहमीचे लावतो. तसं होऊ देऊ नका, गाडीच्या जन्माचा तो दाखला आहे.

नोंदणीसाठी : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर मालिका मिळते. असली गाडी व्यवसायासाठी किंवा रोजच्या ये-जा साठी वापरता येत नाही.

१८. माझ्या गाडीला मागची बॉडीच नाही, नुसत्या दोन खुर्च्या आणि गोल टाकी. परत रनअबाउट करू का?

थांबा. ती स्पीडस्टर असू शकते. १९१० आणि १९२० च्या दशकांत तरुण पोरं टीची बॉडी उतरवून हलकी शर्यतीची गाडी करत. तयार बॉडी विकत मिळत. लुई आणि आर्थर शेव्हरोले या भावांचं फ्रंटेनॅक हेड बसवलं की तेच इंजिन पार बदलून जाई. इंजिनवर असं हेड असेल, किंवा बदल त्या काळचे असल्याचा जुना फोटो घरात असेल, तर ती गाडी तशीच जपा. बदल गेल्या वीस-तीस वर्षांतले असतील तर निर्णय तुमचा.

१९. मूळ रंग शिल्लक आहे, पण खराब दिसतो. घरचे म्हणतात नवा मारा. काय करू?

आधी बॉडीचं लाकूड तपासा. पत्र्याच्या आत लाकडी चौकट आहे आणि ओल दाराच्या खांबात आणि बैठकीखाली मुरते. लाकूड कुजलं असेल तर पत्रा उतरवावा लागेल, पण तेव्हाही रंग वाचवता येतो. कुजलेला तुकडा फेकू नका, त्यावरूनच नवा कापायचा. ॲश लाकूड चांगलं. नवी चौकट बॉडी सांगाड्यावर ठेवून, दार बंद होतंय हे पाहून मगच कायमची आवळा.

आणि रंग? मऊ कापड, साधं पाणी, हलका साबण आणि शेवटी मेण. एवढंच करून एक उन्हाळा ती वापरून पाहा. आमच्या गाडीच्या डावीकडच्या एका मडगार्डवर भट्टीत भाजलेला मूळचा काळा अजून आहे, कडेला तांबूस झालेला. बाकी तीन मडगार्ड रंगवावे लागले. लोक हात लावायला वळतात ते त्या एकाकडेच.